रस्सा उरला तर

आपल्या मंडळाच्या दसऱ्याच्या कार्यक्रमानंतर हॉलचं स्वयंपाकघर आवरताना जे पाहिलं, ते अजून मनातून जात नाही. मटकीच्या रश्श्याचे तीन ट्रे मागवले होते. दोन संपले. तिसऱ्यावरची फॉइलसुद्धा निघाली नव्हती, तो वॉर्मरमध्ये वाफाळत होता. नऊला हॉल रिकामा करून द्यायचा होता, म्हणून घाईत कुणीतरी तो उचलला आणि सरळ काळ्या पिशवीत ओतला. मी डबा घेऊन धावले तोवर निम्मा गेला होता. उरलेला भरून घेत होते, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलानं आईला विचारलं, "आपण लेफ्टओव्हर्स खात नाही ना गं?" आई म्हणाली, "नाही रे, आपण रोज ताजं करतो."

त्या 'ताज्या'बद्दलच मला बोलायचं आहे.

मी सांगलीची. आमच्याकडे मी चौथीत जाईपर्यंत फ्रिज नव्हता. मे महिन्यात रात्रीची आमटी सकाळी फसफसायची, म्हणून आई झोपण्यापूर्वी तिला एक खळखळून उकळी आणून ठेवायची. शिळं खाऊ नये, हा नियम त्या हवेतला आणि त्या घरातला होता, आणि तिथे तो बरोबरच होता. पण त्याच घरात काही टाकलं जात नव्हतं. शिळ्या भाकरीचा कुस्करा, भाताला फोडणी, घट्ट वरण थालिपिठाच्या पिठात. आजीनं ७२ चा दुष्काळ पाहिलेला. रोजगाराच्या कामावरची सुकडी आणि रेशनचा लाल मिलो तिच्या बोलण्यात शेवटपर्यंत यायचा. तो मिलो अमेरिकेतून आला होता. आज तिची नात त्याच अमेरिकेत उभी राहून भरला ट्रे कचऱ्यात जाताना पाहते, याचं मला फार वाईट वाटतं.

इथे प्रत्येकाच्या घरात शून्य फॅरनहाइटचा फ्रीझर आहे. त्या थंडीत अन्न नासवणारे जंतू वाढत नाहीत. मग शिळं कशाला म्हणायचं? रात्र उलटली म्हणून अन्न शिळं होत नाही, ते उबेत किती तास राहिलं यावर ठरतं. इथल्या कृषी खात्याचा सल्ला साधा आहे: शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत थंडीत गेलं पाहिजे, कारण ४० ते १४० फॅरनहाइटच्या दरम्यान जंतू झपाट्यानं वाढतात. म्हणून टेबलावर चार तास उघडा राहिलेला ट्रे टाकला, तर माझी तक्रार नाही. वॉर्मरमधला कढत ट्रे टाकला, ही तक्रार आहे.

आणि 'रोज ताजं' म्हणणाऱ्या आपल्या घरांत काय असतं? इंडियन स्टोअरमधले गोठवलेले पराठे असतात, सोललेले मटार असतात, खवलेल्या नारळाची पाकिटं असतात. ती कधी आणि कुणी केली हे आपण विचारत नाही. मग आपल्याच हातचा परवाचा रस्सा तेवढा शिळा कसा?

मी गेली सोळा वर्षं रस्सा गोठवून ठेवते. रविवारी कांदा आणि सुकं खोबरं खमंग भाजून भरपूर वाटण करते, रस्सा मुद्दाम जास्त ठेवते. उरलेला लगेच पसरट भांड्यात काढते. सुरुवातीला एकदा मोठं पातेलं तसंच ओट्यावर निवायला ठेवलं आणि झोपून गेले. सकाळी आंबूस वास. सगळं टाकावं लागलं. तेव्हापासून खोल पातेल्यात काही निववत नाही. निवला की झिपच्या पिशवीत, वर दोन बोटं जागा सोडून, कारण गोठताना पाणी फुगतं. पिशव्या आडव्या ठेवून सपाट गोठवायच्या, मग वहीसारख्या उभ्या रचायच्या. वर तारीख. तीन-चार महिन्यांत संपवायच्या.

बटाटा आधी काढून घ्यावा, तो गोठून स्पंजासारखा होतो. दह्याचा किंवा नारळाच्या दुधाचा रस्सा फुटतो, तो गोठवू नये. कांदा-खोबऱ्याचा मात्र छान टिकतो. मंगळवारी साडेसहाला घरी आले की ती लालसर लादी पातेल्याच्या कडेवर आपटून तोडते. वर तर्रीचा केशरी थर गोठलेला असतो. पातेल्यात तुकडे पडले की चुर्र होतं, आणि पाच मिनिटांत घरभर रविवारचा वास. खळखळून उकळी मात्र हवीच, नुसतं कोमट करून चालत नाही. एका लादीत उकडलेली अंडी, दुसरीत वांगी, तिसरीची मिसळ. कोथिंबीर तेवढी ताजी. मुलगी कॉलेजला जाताना बर्फाच्या पेटीत अशा सहा पिशव्या नेते. हा रस्सा नसता, तर कामाच्या दिवशी आमच्या घरी पास्ता झाला असता. परदेशात मराठी जेवण आठवड्यातून चार दिवस टिकलं आहे ते या फ्रीझरमुळे.

  

लिहिता लिहिता उपदेश झाला असेल, तर माफ करा. त्या बाईंबद्दल माझ्या मनात राग नाही. दिवसभर राबून त्या थकल्या होत्या, आणि रोज ताजं करून घालणारी आई मुलाचे लाडच करत असते. ज्यांना पथ्यामुळे चालत नाही, त्यांच्याबद्दलही काही म्हणणं नाही. पण मुलानं विचारलं, तर "आपण अन्न टाकत नाही" एवढं उत्तर आपण सगळे देऊ शकतो.

संक्रांतीच्या कार्यक्रमाला येताना प्रत्येकानं घट्ट झाकणाचा एक डबा आणावा, आणि कार्यकारिणीनं न उघडलेले गरम ट्रे आवराआवरीच्या अर्धा तास आधी वाटून टाकावेत. मी वाटपाला उभी राहीन.