टोळ्या निघण्याआधी या

दसरा तोंडावर आला आहे. वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या बीडच्या तालुक्यांत वाड्या-तांड्यांवर ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमांच्या फेऱ्या वाढल्या आहेत. त्यांनी दिलेली आगाऊ उचल घरात येऊन बहुतेक ठिकाणी खर्चूनही झाली आहे. थोड्याच दिवसांत दारात ट्रक लागतील, भांडीकुंडी, जळण, शेळ्या आणि लेकरं त्यात चढतील, आणि ऊसतोडीला गेलेली माणसं थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततील. ट्रक लागायच्या आतल्या या दिवसांसाठी आम्ही तुमच्याकडे मागणं घेऊन आलो आहोत. आम्हाला पैसे नकोत. तुमच्या गावातल्या एका ऊसतोड बाईसाठी तुमचे चार-पाच दिवस हवे आहेत.

राज्य सरकारने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आहे. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे साधारण दर सहा बायकांमागे एकीचं. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. बीडच्या बायकांची शरीरं काही वेगळी घडलेली नाहीत. वेगळं आहे ते त्यांचं काम, आणि त्या कामाचा हिशोब.

नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात उठायचं, फडात ऊस तोडायचा, वाढे छाटायचे, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. गाडी रात्री लागली तर रात्री. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे जोडीच्या हिशोबातून कापले जातात. राहायच्या झोपडीला, म्हणजे कोपीला, संडास नसतो, न्हाणीला आडोसा नसतो, पाणी लांबून आणावं लागतं. पाळीच्या दिवसांत कापड धड धुता येत नाही, धड वाळवता येत नाही. त्यातून जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखतं. बाई ते अंगावर काढते, कारण दवाखाना म्हणजे खाडा. हंगाम संपवून ती गावी येते तोवर दुखणं जुनं झालेलं असतं.

मग ती तालुक्याच्या एखाद्या खासगी दवाखान्यात जाते. तिथे तिला ऐकायला मिळतं की पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. लग्न पंधराव्या-सोळाव्या वर्षी झालेलं, दोन-तीन लेकरं होऊन विशीतच नसबंदीही झालेली. आता पिशवीचा उपयोग काय, असं घरचे म्हणतात आणि तीही म्हणते. पाळी गेली की खाडाही गेला. ऑपरेशनच्या पैशासाठी मुकादमाकडून आणखी उचल घेतली जाते आणि पुढचा हंगाम त्या पैशांत गहाण पडतो. या बायकांना अडाणी म्हणणाऱ्यांना आमचं सांगणं आहे की हा हिशोब अडाणीपणाचा नाही. तिच्यापुढे जेवढे रस्ते ठेवले गेले, त्यांतला तिला परवडणारा तिने निवडला. आणखी एक रस्ता आहे, हे वेळेवर सांगणारं माणूस तिच्याजवळ नव्हतं.

अंगावरून पांढरं जाणं हे बहुतेक वेळा गोळ्यांनी बरं होणारं दुखणं आहे. जास्त रक्तस्रावावरही आधी औषधं असतात. रक्त कमी आहे का, थायरॉइड बिघडलं आहे का, सोनोग्राफीत गाठ दिसते का, हे आधी बघायचं असतं. काही बायकांना शस्त्रक्रिया खरोखर लागते, त्यांनी ती जरूर करून घ्यावी. पण पिशवीबरोबर बीजकोशही काढले गेले तर तिशीतल्या बाईची हाडं ठिसूळ व्हायला लागतात, अंगातून वाफा निघतात, हृदयाच्या आजाराचा धोका वाढतो. ऑपरेशननंतर काही आठवडे जड उचलायचं नसतं. आमच्या माहितीतल्या बायका टाके भरतात न भरतात तोच मोळी उचलायला गेल्या आहेत, आणि आज त्यांना वाकून घागर उचलता येत नाही.

नियम झालेले आहेत. बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्याने गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा आदेश २०१९ मध्येच निघाला. केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये त्या सगळ्या राज्यांनी अमलात आणाव्यात असं बजावलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. हे सगळं कागदावर आहे, आणि टेबलावर झोपवलेल्या बाईच्या हातात त्यातलं काहीच नसतं. भिंतीवरच्या भित्तिपत्रकाने हे अंतर कापलं जात नाही, हे आम्ही वारंवार पाहिलं आहे. तिच्या शेजारी खुर्चीवर बसून डॉक्टरांना प्रश्न विचारणारी गावातली एक ओळखीची बाई असली, तर कापलं जातं.

ती बाई तुम्ही व्हा. निवृत्त नर्सबाई, शिक्षिका, बचतगटाच्या अध्यक्षा, घरी असलेली पदवीधर सून, रासेयोतली कॉलेजची मुलगी, कुणीही. आशाताई आहेत, पण त्यांच्या डोक्यावर आधीच किती कामं आहेत हे तुम्ही रोज बघता. डॉक्टरी शिकायची गरज नाही. नेमका आजार काय आहे, तो कुठल्या तपासणीत दिसला, औषधं देऊन बघितली का, आणि थांबलं तर काय होईल, एवढंच विचारायचं. उत्तरं आणि तपासण्या कागदावर मागायच्या. तेच कागद घेऊन तिच्याबरोबर बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात जायचं आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं. निर्णय तिचा. ऑपरेशन आधीच झालेल्या बाईला मात्र चुकूनही "कशाला केलंस" म्हणू नका. तिला हाडांची, रक्ताची तपासणी आणि जड कामातून सूट मिळवून देणं हेही आपलंच काम आहे.

निघण्याआधी प्रत्येक टोळीतली एक वाचता येणारी बाई गाठा. तिच्याकडे टोळीतल्या सगळ्या बायकांचे तपासणीचे कागद, गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड, लोहाच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड आणि तीन नंबर लिहिलेला कागद द्या: रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२, महिला मदतीला १८१. फडात, वाटेत किंवा कोपीवर कुणी अंगाला हात लावला तर काय करायचं, तेही तिला आजच सांगा. गुन्हा कुठेही घडला असो, जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत करता येते. ही समिती असंघटित कामगार बायकांसाठीही आहे, आणि हे बहुतेकींना कुणी सांगितलेलं नाही.

मुलींसाठी तर याच दिवसांत डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं. मागे एकटी ठेवायची भीती आणि जोडी झाली तर एक कोयता वाढतो, या दोन कारणांनी हंगामाच्या तोंडावर पोरींची लग्नं उरकली जातात. अशी कुणकुण लागली तर १०९८ वर फोन करा, ग्रामसेवकांना गाठा. बालविवाह रोखण्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे. पण नुसतं लग्न मोडून भागत नाही, पोरीची राहण्याची सोय लावून द्यावी लागते. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. जवळ वसतिगृह नसेल, जागा भरल्या असतील, तर आजीजवळ राहणाऱ्या पोरीकडे रोज संध्याकाळी डोकावणारं घर शोधा.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर आणि सीमेपलीकडे बेळगावकडच्या वाचकांनो, या बायका पाच-सहा महिने तुमच्या शिवारात राहतात. तुमच्याच उसासाठी. शेताच्या कडेला कोप्या पडल्या की पहिल्याच आठवड्यात तिथे जा. आडोशाचा संडास, न्हाणी, पाणी आणि एक दिवा एवढं कारखान्याकडे आणि ग्रामपंचायतीकडे मागा, आणि मिळेपर्यंत मागत राहा. प्राथमिक आरोग्य केंद्राला टोळी आल्याचं कळवा, म्हणजे नर्सबाईंची फेरी तिथे होईल. फडात कुणाला कळा सुरू झाल्या तर गाडी बोलवायला तुमचा मोबाइल आणि तुमचा पत्ता लागणार आहे.

मुकादमांना आणि कारखान्यांच्या शेतकी विभागाला आमची जाहीर विनंती आहे की आजारपणाचा, पाळीचा आणि बाळंतपणाचा खाडा या हंगामापासून बंद करा. गावातल्या पुरुषांनो, ही मागणी तुमच्या तोंडून आली तर मुकादम ती लवकर ऐकतो, म्हणून ती तुम्ही मांडा.

या आठवड्यात सरपंचांना सांगून महिला ग्रामसभा लावून घ्या. गावातून किती टोळ्या जाणार, किती बायका, किती गरोदर, किती जणींना दुखणं आहे, आणि कुणाची पोर मागे राहणार, याची यादी तिथेच आशाताईंबरोबर बसून करा. प्रत्येक नावापुढे गावातल्या एका सोबतिणीचं नाव लिहा. गेल्या हंगामातून परतल्यापासून कंबर धरून बसलेली एक तरी बाई तुमच्या आळीत असेल. तिच्या नावापुढे तुमचं नाव लिहा आणि ट्रक लागायच्या आत तिला घेऊन सकाळच्या एसटीने दवाखान्यात जा.