पाण्यातली शिरगणती

मुलांनो, वळवणच्या धरणातलं पाणी ओंजळीत घेतलं तर कसं दिसतं? नितळ! पण त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, की हिरव्या-तपकिरी जिवांचं अख्खं गाव दिसू लागतं. ही सूक्ष्म शैवालं. दगडावरच्या शेवाळाचीच भावंडं, पण पाण्यात तरंगणारी. पुष्कळांचं तर सगळं शरीर म्हणजे एकच पेशी.

या गावात वस्ती कोणाची जास्त? तुम्ही म्हणाल, त्यात काय, मोजायची! पण इथेच फसगत होते, बरं का.

समजा, एका थेंबात एका जातीच्या १००० गोल पेशी आहेत, प्रत्येक २ मायक्रॉन रुंद. दुसऱ्या जातीची पेशी एकच, पण २० मायक्रॉन रुंद. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) शिरगणतीत पहिली जात १००० विरुद्ध १ अशी जिंकली! आता वडगावच्या बाजारात चला. तिथे २ सेंटिमीटरची बोरं आहेत आणि २० सेंटिमीटरचा गोल लाल भोपळा. भोपळा बोराच्या दहापट रुंद, पण तो दहापट लांब आणि दहापट उंचही आहे ना? १० गुणिले १० गुणिले १०. एका भोपळ्यात १००० बोरांचा ऐवज! म्हणजे आपल्या थेंबातला सामना चक्क बरोबरीत सुटला. म्हणून अभ्यासक पेशी मोजतात, त्यांची लांबी-रुंदीही मापतात, आणि गोल, नळकांड्यासारखी, जसा आकार असेल तसं घनफळ काढतात.

लहान-मोठेपणाने पेशीचं सगळं जगणंच बदलतं. अख्खा बटाटा उकडायला वेळ लागतो, फोडी पटकन शिजतात. का? फोडी केल्या की तेवढ्याच बटाट्याला बाहेरची बाजू जास्त मिळते. पेशी आपलं अन्न बाहेरच्या बाजूनेच शोषते. त्यामुळे खतपाणी कमी असेल तिथे चिमुकल्या पेशींचं चांगलं भागतं. मोठ्या पेशी बहुधा लवकर तळाशी जातात, पण बारक्या भक्षकांच्या तोंडात मावत नाहीत!

चिमुकल्यांची आणखी एक गंमत म्हणजे त्या जाळीतून निसटतात. समुद्रातलं प्रोक्लोरोकोकस जेमतेम अर्ध्या-पाऊण मायक्रॉनचं. १९८८ साली ते जगापुढे आलं, आणि प्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या जिवांत पृथ्वीवर त्याचीच संख्या सर्वांत जास्त असल्याचं दिसून आलं. तोवर कोणाला पत्ताच नव्हता.

मग पुस्तकात दिलेलं माप घेतलं तर चालेल? नाही! डायाटम नावाच्या शैवालाचं बघा. त्याचं कवच काचेसारखं, डबा आणि झाकण असं दोन भागांचं. एकाचे दोन होताना प्रत्येक भाग झाकण बनतो आणि आत नवा डबा तयार करतो. मूळच्या डब्याचं झाकण झालं, की त्याच्या आतला नवा डबा अर्थात लहान. अशा पिढ्या होत होत बरेच डायाटम बारीक होत जातात, आणि फारच लहान झाले की एक खास पेशी बनवून पुन्हा मूळ मापावर येतात. एकाच जातीत आजोबा मोठे, नातू लहान! म्हणून दरवेळी नव्या नमुन्यातल्या वीस-पंचवीस पेशी तरी मापाव्या लागतात. काम कंटाळवाणं, पण त्याला पर्याय नाही. एच. पी. गांधी यांनी १९५०च्या दशकात कोल्हापूर परिसरातल्या डायाटमचा असाच चिकाटीने अभ्यास केला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही डायाटमवर काम चालतं.

आता पवना धरण घ्या. त्याचं पाणी नदीतून रावेतला येतं, तिथून उचलून, शुद्ध होऊन पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं. अशा पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्याच्या हाती नुसती शिरगणती दिली तर? इवल्या पेशी लाखांनी वाढल्या की घाबरगुंडी, आणि मोठे डायाटम काही शेकड्यांनी वाढले तर कोणी ढुंकून बघणार नाही. पण पाणी गाळायच्या वाळूच्या थरात अडकून थर तुंबवतात ते हेच मोठे! इवल्या तर वाळूतूनही निसटू शकतात. दोघांवर उपाय वेगळे. तेव्हा किती आहेत याबरोबर केवढ्या आहेत हेही ठाऊक हवं.

आता वही काढा. एका थेंबात ५ मायक्रॉनच्या ८००० गोल पेशी आहेत, आणि ५० मायक्रॉनच्या फक्त १०. ऐवज कोणाचा जास्त? आईबाबांना आधी नुसता अंदाज करायला सांगा, आणि मग गणित करून दाखवा!