वीज वाचवणारी लोखंडी काच, पण ठिसूळपणाचं काय?

एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने वितरण ट्रान्सफॉर्मरचे नवे नियम जाहीर केले. जानेवारी 2023 च्या मसुद्याप्रमाणे जवळपास सगळ्या नव्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा ‘अमॉर्फस’ लोखंडाचा करावा लागला असता. अंतिम नियमात सुमारे 75 टक्के बाजार जुन्या सिलिकॉन स्टीलवरच चालेल अशी सूट मिळाली आणि मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. चर्चा झाली ती पुरवठ्याची आणि नोकऱ्यांची. पण या मालाची एक अडचण धातूच्या आतच आहे.

लोखंडाची काच?

साध्या लोखंडात अणू शिस्तीत रांगेत बसतात. लोखंड, बोरॉन आणि सिलिकॉनचा रस सेकंदाला साधारण दहा लाख अंश इतक्या वेगाने थंड केला, तर रांग लावायला वेळच मिळत नाही. तयार होते सुमारे 25 मायक्रॉन जाडीची पट्टी. रांगा नसल्याने तिच्यात चुंबकत्वाची दिशा सहज पलटते. त्यामुळे लोड नसतानाचा वीजनाश साधारण 60 ते 70 टक्के कमी होतो. तुम्ही रात्री दिवे बंद केले तरी गल्लीतली डीपी चालूच असते, म्हणून ही बचत मोठी.

गोची कुठे आहे?

ताजी पट्टी घडी घातली तरी तुटत नाही. पण आतला ताण काढायला ती 350 अंशांच्या आसपास तापवावी लागते. तेव्हा अणू जवळ सरकतात आणि मधली मोकळी जागा घटते. वाकताना अणूंना सरकायला हीच जागा लागते. ती गेली की पट्टी ठिसूळ होते, कपच्या उडतात.

दोन वाटा

पहिली वाट रेसिपी बदलण्याची. कॅलटेकच्या गटाने 2009 मध्ये मॉलिब्डेनम, निकेल, क्रोमियम, फॉस्फरस घालून बरीच चिवट लोखंडी काच बनवली. अणूंचे थर एकमेकांवर सहज सरकतील असं मिश्रण निवडणं, ही त्यातली युक्ती. पण अशी भर घातली की चुंबकत्व पातळ होतं. यंत्राच्या भागांना हे चालेल, ट्रान्सफॉर्मरला नाही.

दुसरी वाट म्हणजे पट्टी तासभर न भाजता काही सेकंदांत तापवून लगेच थंड करायची. ताण निघतो आणि लवचिकपणा बराचसा टिकतो.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा बग नाही, ट्रेड-ऑफ आहे. मला दुसरी वाट जास्त पटते. तिच्यात मिश्रणाला हात लावावा लागत नाही, फक्त भट्टी बदलावी लागते.