‘नो कॉस्ट’ म्हणजे बिनव्याजी का?

येरवड्यातून नगर रोडला लागले की मोबाईलच्या दुकानांवर ‘नो कॉस्ट ईएमआय’ ही पाटी हमखास दिसते. आपल्या घरांतून तिचा अर्थ सर्रास ‘बिनव्याजी हप्ता’ असा घेतला जातो आणि एरवी व्याजापासून चार हात लांब राहणारी माणसेही निर्धास्तपणे सही करतात. पाटीवर मात्र ‘व्याज नाही’ असे लिहिलेले नसते. ‘कॉस्ट’ नाही, एवढेच लिहिलेले असते.

ईएमआयमधला ‘ई’ हा ‘ईझी’चा नव्हे, ‘इक्वेटेड’चा. मुद्दल आणि व्याज मिळून दर महिन्याला सारखा येणारा हप्ता, असा त्याचा सरळ अर्थ. म्हणजे व्याज या शब्दाच्या पोटातच आहे.

आता हिशेब करू. फोन २४,००० रुपयांचा, हप्ते १२, प्रत्येकी २,००० रुपये. वरवर पाहता एक पैसाही जादा नाही. पण क्रेडिट कार्डाची बँक वर्षाला १५ टक्के दर लावत असेल, तर तिच्या वहीत कर्ज सुमारे २२,१६० रुपयांचे असते आणि उरलेले १,८४० रुपये व्याज. तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी किमतीत देते, म्हणून बेरीज जुळते. शिवाय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ३३० रुपये, बहुधा गिऱ्हाइकाच्याच माथी. प्रोसेसिंग फी असली तर ती वेगळी. रोख घेतले तर हीच सूट मिळेल का, हे दुकानात जरूर विचारावे. उत्तर ऐकण्यासारखे असते.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते. अशा योजनांत व्याज प्रोसेसिंग फीच्या आड लपवले जाते.

कार्ड नसलेल्यांना दुकानातच फायनान्स कंपनीचे कर्ज मिळते. अशा कर्जासाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. फीसकट वर्षाचा खरा दर त्यात ‘एपीआर’ या नावाने लिहिलेला असतो. हा कागद आपल्याला समजेल अशा भाषेत मिळायला हवा, तेव्हा मराठीत मागायला संकोच करू नये. सही त्यानंतर.

दुकानदाराने स्वतः एकच किंमत ठरवून वस्तू हप्त्यांनी विकली, तर तो व्यवहार निराळा. बहुसंख्य उलमा तो जायज मानतात. इथे मात्र मध्ये तिसरा सावकार आहे आणि त्याच्या कागदावर व्याजाचा रकाना आहे. आपण काय करावे हे आम्ही सांगणार नाही. ते आपल्या भागातील जाणकार आलिमांना विचारावे. मात्र विचारायला जाताना ‘नो कॉस्ट आहे, चालेल का?’ एवढेच विचारू नका, तो कागद सोबत न्या.