ओस मैदान, काळे आभाळ

बारामती-इंदापूर भागाला कॅमेरे नवे नाहीत. हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्ष्यांसाठी गाड्यांची रांग लागते. उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि त्याचे फोटो दरवर्षी नव्याने फिरतात. पडीक क्रीडांगणेही याच ओढीने टिपली जातात. वाकलेला व्हॉलीबॉलचा खांब, गंजलेला गोलपोस्ट, प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या फटीतून वर आलेली रुई. मग फोनवरच आभाळ काळवंडायचे, गवताची हिरवाई उतरवून ते मळकट पिवळे करायचे आणि खाली गावाचे नाव टाकून पुढे पाठवायचे. फोटो चांगला होतो, हे मान्य. गावाचे नाव टाकल्यावर त्यात किती हात घालावा, एवढाच वादाचा मुद्दा आहे.

फोटोग्राफरची बाजू हलकी नाही. इंदापूरच्या दुपारच्या उन्हात सगळेच सपाट आणि पांढरट दिसते. डोळ्यांना जाणवलेला भकासपणा सेन्सरवर उतरत नाही. पूर्वी डार्करूममध्ये छपाई करतानाही आभाळ गडद केले जाई, चेहरा उजळला जाई, आणि त्याला कोणी खोटेपणा म्हणत नसे. आजचा फोन तर बटण दाबताच तीन-चार फ्रेम एकत्र करून स्वतःच्या हिशेबाने रंग ठरवतो. त्यामुळे ‘काहीही न केलेला फोटो’ मागणाऱ्यांनी तो कुठे मिळतो तेही सांगावे. शिवाय गोडगोड फोटोकडे कोण बघणार? गडद केलेल्या आभाळामुळे चार लोक थांबून विचारत असतील, की मैदानाची ही दशा कोणी केली, तर तो गडदपणा कामी आला म्हणायचा.

मात्र गावकऱ्यांचा आक्षेपही निव्वळ अभिमानापोटी आलेला नसतो. पळसदेवचे शिखर पाहुण्याला सुंदर अवशेष वाटते. धरण भरल्यावर ज्यांची घरे वरच्या अंगाला आली, त्यांना तो आपला बुडालेला गाव असतो. मैदानाचेही तसेच आहे. ‘ओसाड’ म्हटले की गावावर आरोप होतो. त्यात क्रीडाशिक्षक येतो, ग्रामपंचायत येते, आणि तिथे अजूनही येणारी मुलेही येतात. फोटो काढणारा बहुधा मावळतीच्या सोनेरी उन्हासाठी येतो. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे पहाटे पाचला येऊन, धावून, सात वाजता घरी गेलेली असतात.

ती आल्याची खूण मात्र मैदानावर असते, आणि या वादात मला सर्वांत महत्त्वाची तीच वाटते. गाजरगवत कमरेएवढे वाढले तरी मैदानाच्या कडेने हातभर रुंदीची एक पट्टी उघडी राहते. रोजच्या पायांनी तिथली माती घट्ट झालेली असते, कडेचे गवत बाहेरच्या बाजूला लवलेले असते. मूळ फोटोत हिरव्या गवतातली ही तांबूस पट्टी स्पष्ट दिसते. हिरवा रंग काढून सगळे पिवळट केले की ती गवतात मिसळून जाते. कोणी काही पुसले नाही, काही चिकटवले नाही, नुसता रंग बदलला. तरी मैदान कोणी वापरत नाही, असे खोटे विधान तयार झाले. तेव्हा ‘फक्त रंग बदलले, वस्तू नाही’ हा बचाव वाटतो तितका पक्का नाही.

दुसरीकडे, सजवलेला फोटो काही एकट्या कलावंताचा गुन्हा नव्हे. उद्घाटनाच्या दिवशी चुन्याच्या ताज्या रेघा मारून, फीत धरून काढलेला फोटोही एका कोपऱ्यातून आणि एका क्षणापुरताच खरा असतो. काम पूर्ण झाल्याचे दाखवायला अक्षांश-रेखांशासह जोडलेल्या फोटोंतही चौकटीबाहेर काय राहिले ते कळत नाही. त्या चकचकीत फोटोला कोणी काळ्या आभाळाने उत्तर देत असेल, तर त्याचा राग समजण्यासारखा आहे. तथापि एका अर्धसत्यावर उतारा म्हणून दुसरे पुढे केले, तर मैदानाची खरी अवस्था दोन्हींत सापडत नाही.

या संदर्भात बेल्जियममधल्या शार्लरोआ शहराचे प्रकरण आठवते. जोव्हानी त्रोइलो या इटालियन छायाचित्रकाराने या जुन्या औद्योगिक शहराची अंधारी चित्रमालिका केली आणि तिला 2015 मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत पारितोषिक मिळाले. शहराची नाहक बदनामी झाली म्हणून महापौरांनी जाहीर आक्षेप घेतला. आयोजकांनी आधी मालिकेची पाठराखण केली. पुढे तिच्यातला एक फोटो शार्लरोआत नव्हे, ब्रसेल्समधल्या मोलेनबेकमध्ये काढल्याचे उघड झाले, तेव्हा पारितोषिक परत घेतले गेले. अंधार खपला, खोटे ठिकाण खपले नाही. मला हा निवाडा बऱ्यापैकी न्याय्य वाटतो, जरी महापौरांची मूळ तक्रार त्यात अनुत्तरितच राहिली.

आपल्याच जिल्ह्यातले पुण्याचे नेहरू स्टेडियम घ्या. 29 फेब्रुवारी 1996 रोजी विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडिजला 93 धावांत गुंडाळले, ते इथेच. 2005 नंतर पुरुषांचा आंतरराष्ट्रीय सामना इथे झाला नाही. मोठे क्रिकेट गहुंजेच्या नव्या स्टेडियमवर गेले. रिकाम्या बाकांचा फोटो काढून ‘विस्मृतीत गेलेले मैदान’ म्हणायला पुरेसा मसाला आहे. पण स्थानिक क्रिकेट तिथे चालूच राहिले. वैभव गेले हे खरे, मैदान मेले हे खोटे, आणि दोन्ही वाक्यांना तोच फोटो चालतो. म्हणूनच फोटोखालच्या ओळीत काय लिहिले याचे वजन मोठे.

ओळीत गावाचे नाव नसेल, मालिका केवळ एकाकीपणाची असेल, तर फोटोग्राफरला मोकळीक द्यावी. आभाळ जांभळे केले तरी हरकत नसावी. गावाचे नाव आले की मात्र फोटो साक्षीला उभा राहतो. मग उजेड-अंधार आणि कातरणी एवढेच करावे, तेही दिसणारी खूण बुजणार नाही इतपत. लहान मुलांचे चेहरे धूसर करणे योग्यच, पण तसे सांगावे. पायरीवरच्या दारूच्या बाटल्या फोनमधल्या ‘इरेजर’ने पुसू नयेत, चौकट स्वच्छ होते, पण पुरावा जातो. महिनाही लिहावा, कारण ऑगस्टमधले गवत आणि एप्रिलमधली ढेकळे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

यात कलेचे थोडे नुकसान आहे, ते नाकारत नाही. पण ज्याला मैदान दुरुस्त व्हायला हवे आहे, त्याला ते परवडते. एक फेरफार सापडला की दुरुस्तीचा सगळा अर्ज बाजूला सारायला कार्यालयाला निमित्त मिळते. प्रकरण न्यायालयात गेले, तर 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य द्यावे लागते. फाइलमध्ये किंचित बदल केला तरी ते मूल्य बदलते. तेव्हा रंगवलेली प्रत खुशाल फिरवा, पण मूळ फाइल जपून ठेवा. आणि तालुका क्रीडा अधिकाऱ्याकडे अर्ज करण्याआधी एकदा पहाटे पाचला जाऊन त्याच जागेवरून दुसरा फोटो काढा.