91 चे अवयव

शाळेत गुरुजींनी फळ्यावर 91 लिहिले आणि फर्मावले, "मूळ अवयव पाडा." मागच्या बाकावरून आवाज आला, "नको गुरुजी! मूळ संख्या आहे, हातपायच नाहीत बिचारीला!" वर्ग खो-खो हसला. गुरुजीही हसले, आणि शांतपणे 7 × 13 लिहून मोकळे झाले. 2, 3, 5 च्या कसोट्यांतून बिनबोभाट निसटणारी ही संख्या भल्याभल्यांना फसवते.

कॉलेजात हा किस्सा कानडी मित्राला सांगितला. तो हसलाच नाही. त्याच्या पुस्तकात गणितातला अवयव म्हणजे 'अपवर्तन' आणि मूळ संख्या म्हणजे 'अविभाज्य'. माझ्या मते त्यांचा शब्द जास्त रोखठोक. जिचे भाग पडत नाहीत, ती. आपला शब्द मात्र पुढचे सांगतो: 1 पेक्षा मोठी प्रत्येक संख्या एकतर स्वतः मूळ असते, नाहीतर मूळ संख्यांच्याच गुणाकारातून उगवते, आणि क्रम सोडला तर एकाच रीतीने.

इंग्रजीतून 'प्राइम फॅक्टर' घोकताना हे दोन्ही हातचे राहूनच गेले. प्राध्यापकांनी इंग्रजी संज्ञेशेजारी मराठी आणि कानडी संज्ञाही फळ्यावर लिहाव्यात, एवढीच विनंती. मित्राने परवा 'अविभाज्य'वर कानडीत कोटी केली. मला ती कळायला दोन दिवस लागले.