दोऱ्यावरचा मणी

दिवाळीच्या सुट्टीत बडोद्यास आत्याकडे गेलो होतो. तिच्या मायक्रोवेव्ह भट्टीची फिरती तबकडी बंद पडलेली. आत ठेवलेला उडदाचा पापड मधून मधून फुलला, बाकी कच्चाच! आत्याने भट्टीला नावे ठेवली. मला मात्र तो विद्युत्क्षेत्राचा नकाशाच वाटला. या भट्टीतील तरंगांची लांबी सुमारे १२ सें.मी. पोकळीत त्यांचे स्थिर तरंग झाले म्हणजे जोरकस जागा साधारण ६ सें.मी. अंतराने येतात.

परंतु क्षेत्र नेमके किती, हे पापड सांगत नाही आणि चुंबकीय क्षेत्राचा तर त्याला पत्ताच नसतो. तारेचा शोधक आत घालावा, तर त्यानेच क्षेत्र बिघडते. १९५२ साली मायर व स्लेटर यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात या बिघाडालाच कामाला लावले आहे. अनुनादी पोकळीतून बारीक दोऱ्यावर इवलासा मणी सरकवायचा. मणी जेथे असेल तेथील क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात पोकळीची कंप्रता ढळते. टेफ्लॉनच्या मण्याला विद्युत्क्षेत्र तेवढे जाणवते. धातूच्या मण्याला दोन्ही जाणवतात: विद्युत्क्षेत्राने कंप्रता उतरते, चुंबकीय क्षेत्राने चढते. दोन्ही मण्यांची मापे घेतली की चुंबकीय क्षेत्र वेगळे काढता येते. कर्करोगाच्या उपचारांसाठी लागणाऱ्या त्वरकांच्या पोकळ्या आजही अशाच तपासतात.

आणि आपण विद्यार्थी काय करतो? संगणकावरचे लाल-निळे चित्र छापून जर्नलात डकवतो. संगणक खोटे बोलतो असे नव्हे. दिलेल्या मापांचे उत्तर तो चोख देतो. पण पोकळी कातताना अर्धा मिलिमीटर जास्त गेला किंवा झाकण नीट बसले नाही, तर हे त्याला कोण सांगणार? मणी सांगतो!

त्याच मुक्कामात कलाभवन पाहिले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते काढले, ते हाताला काम शिकवण्यासाठी. छायाचित्रणाचे धडे दादासाहेब फाळक्यांनी तेथेच गिरवले. त्या वास्तूसमोर मला माझ्या जर्नलातील रंगीत चित्रांची, खरे सांगायचे तर, लाजच वाटली.

आपल्या प्रयोगशाळेत हा प्रयोग का होऊ नये? कंप्रता मोजण्याचे यंत्र महाग खरे, पण ते कपाटात आहेच. पोकळी वर्कशॉपमध्ये होईल. दोरा आणि मणी मी आणतो.